सुवर्णदुर्गाची शेवटची वेव्ह: टॉवर डिफेन्स खेळणाऱ्यांसाठी थोडा इतिहास

टॉवर डिफेन्सच्या टिप्स हव्यात, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. आज त्या देणार आहे. पण उदाहरणं गेममधली नाहीत, आपल्या किनाऱ्यावरची आहेत. तुम्ही बसमध्ये असाल, कानात इअरफोन असेल, तर मॅप उघडून दापोली तालुका शोधा आणि हर्णैसमोर समुद्रात जो ठिपका दिसतो तिथे झूम करा. तो सुवर्णदुर्ग. आजचा मॅप तोच.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. शिक्षण बी.टेक., इतिहासाची पदवी नाही. पण आजोळ आंजर्ल्याचं. कड्यावरच्या गणपतीला गेलात, की दक्षिणेला हर्णैच्या बाजूला हा किल्ला पाण्यात बसलेला दिसतो. उंचावरून बघितलं की सगळी मांडणी एका नजरेत येते: समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर तीन छोटे किल्ले, कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. (हा गोवा म्हणजे गोवा राज्य नव्हे, हर्णैचा किल्ला.) टॉवर डिफेन्स खेळणाऱ्या माणसाला हे दृश्य बघून जे वाटतं तेच मलाही वाटतं. कुणीतरी विचार करून टॉवर लावलेत.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ नको.

टॉवर डिफेन्स म्हणजे शत्रू लाटांनी येतो, ठरावीक वाटेने येतो, आणि आपण वाटेवर टॉवर बांधून त्याला थोपवायचं. रोगलाइट हा शब्द १९८० च्या 'रोग' नावाच्या गेमवरून आला. त्यात मेलात की सगळं पहिल्यापासून, आणि दरवेळी नकाशा वेगळा. रोगलाइटमध्ये थोडी दया आहे. मेलात तरी काहीतरी हाताशी उरतं. एखादा नवीन टॉवर उघडतो, एखादं कायमचं अपग्रेड मिळतं, आणि पुढचा डाव तुम्ही थोडे बळकट होऊन सुरू करता. हे दोन प्रकार एकत्र आले की 'रोग टॉवर'सारखा गेम तयार होतो. त्यात प्रत्येक वेव्हनंतर शत्रूची वाट थोडी लांबते आणि ती कुठे वळणार हे आधी माहीत नसतं.

आता हे लक्षात ठेवा, रोगलाइटमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे चालू डाव. दुसरी म्हणजे डावाच्या बाहेर साठलेली ताकद. डाव हरला तर चालतं. ती साठलेली ताकद गेली तर पुढचे सगळे डाव अवघड होतात. आजची सगळी गोष्ट या एका फरकाची आहे.

टिप १: टॉवर एकटा लढत नाही, रेंज एकमेकांवर पडू द्या

नवीन खेळाडू काय करतो? सगळी नाणी एका मोठ्या टॉवरवर ओततो. तो टॉवर दिसायला झकास दिसतो आणि दहाव्या वेव्हला कुठूनतरी कुणीतरी निसटून आत येतंच.

कान्होजी आंग्र्यांची पद्धत वेगळी होती. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी किल्ल्यांची रांग, आणि त्या रांगेत सतत हिंडणारी गुराबा आणि गलबतं. गुराब म्हणजे तोफा वाहणारं मोठं जहाज, गलबत म्हणजे वल्ह्यांवर चालणारं, हलकं आणि चपळ. वारा पडला की युरोपियन मोठं जहाज जागेवर उभं राहायचं आणि गलबतं मात्र वल्ह्यांच्या जोरावर त्याच्या पिछाडीला जायची, जिथे त्याच्या तोफा कमी. पाठलाग झाला की खाडीत, उथळ पाण्यात, किल्ल्याच्या तोफांच्या आड. म्हणजे किल्ला हा न हलणारा टॉवर आणि आरमार हे हलणारं युनिट. एकाची कमतरता दुसरा भरून काढायचा.

याचा निकाल बघा. १७१७ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर, फसला. १७२० मध्ये 'फ्राम' नावाचा तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर आले, तोही फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले, सोबत कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौका. तेही परत गेले. १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले आणि हात हलवत गेले. सात वर्षांत पाच वेव्ह, त्यातली एक तर दोन बॉस एकदम आणणारी.

यातली १७२१ ची वेव्ह नीट बघण्यासारखी आहे. कुलाब्याला तेव्हा फक्त तटांनी वाचवलं नाही. शाहू महाराजांची फौज घाटावरून मदतीला उतरली, बाजीराव स्वतः आले, आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला. समुद्राकडून आंग्र्यांच्या तोफा, जमिनीकडून छत्रपतींची फौज. दोन्ही रेंज एकमेकांवर पडत होत्या. हे चित्र डोक्यात ठेवा, कारण चौतीस वर्षांनी सुवर्णदुर्गासमोर जमिनीकडून हीच फौज येणार आहे, पण उलट्या बाजूने.

टिप २: आधीची वेव्ह बघून पुढची वेव्ह ठरवू नका

कान्होजी १७२९ मध्ये गेले. थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये गेला. मग मानाजी आणि संभाजी या भावांत भांडण लागलं, आणि बाजीरावांनी १७३५ मध्ये घराण्याची वाटणी करून दिली. कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू संभाजीकडे. संभाजीनंतर ती तुळाजीकडे आली. म्हणजे कान्होजींची जी एक सलग रांग होती तिचे दोन तुकडे झाले.

तुळाजी लढवय्या होता, यात वाद नाही. पण तो पेशव्यांना जुमानत नव्हता आणि कोकणातल्या इतर मराठा सरदारांशीही त्याचं वैर होतं. ही बाजू लपवून उपयोग नाही. नानासाहेब पेशव्यांचा राग उगाच नव्हता.

मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांचा करार झाला: दोघांनी मिळून तुळाजीला वठणीवर आणायचं. पेशव्यांच्या बाजूने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव. इंग्रजांच्या बाजूने कमोडोर विल्यम जेम्स. त्याच्याकडे ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर' हे जहाज, आणि उखळी तोफा बसवलेली काही छोटी जहाजं. २२ मार्चला तो मुंबईहून निघाला.

सुवर्णदुर्गापाशी तुळाजीचं आरमार नांगर टाकून होतं. इंग्रजांची शिडं दिसल्यावर ते दक्षिणेला निघालं. रॉबर्ट ऑर्म हा त्या काळचा इंग्रज इतिहासकार सांगतो, की वारा इतका मंद होता की पळणाऱ्या जहाजांनी ओझं समुद्रात फेकलं, आणि शिडांच्या जोडीला अंगावरचे कपडे, गोधड्या, पागोटीसुद्धा वाऱ्यावर धरली. ऑर्म कंपनीचा माणूस, तेव्हा थोडं मीठ लावलेलं असणार. पण आरमार निसटलं हे खरं. जेम्सने जयगडच्या पुढपर्यंत पाठलाग केला, हाती काही लागलं नाही, आणि तो सुवर्णदुर्गाकडे परतला.

आता गेमच्या भाषेत काय झालं? हलणारं युनिट मॅपबाहेर गेलं. न हलणारे चार टॉवर एकटे उरले. आणि जमिनीकडून जी मदत १७२१ मध्ये आली होती, ती आता शत्रूबरोबर आलेली. ज्या परिस्थितीसाठी हा किल्ला बांधला होता ती परिस्थितीच राहिली नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, कोड तोच आहे पण ज्या सर्व्हरवर चालायचा तो बदलला.

टिप ३: प्रत्येक भिंतीची एक कच्ची बाजू असते, आणि ती आतल्या माणसाला माहीत असते

चांगल्या टॉवर डिफेन्समध्ये नुकसानाचे प्रकार असतात. 'रोग टॉवर'मध्येच बघा: काही शत्रूंना चिलखत असतं, काहींना ढाल, काहींचं नुसतंच आयुष्य. चिलखतावर बाण मारत बसलात तर आकडा हलत नाही.

जेम्सने पहिल्या दिवशी पश्चिमेकडून, उघड्या समुद्राकडून तोफा चालवल्या. पण त्या बाजूचा तट बऱ्याच ठिकाणी मूळ खडकातूनच कोरून काढलेला आहे. होडीने किल्ल्याला फेरी मारलीत तर हे आजही दिसतं: खाली अखंड कातळ, वर त्याच्याशी एकजीव झालेली मोठ्या चिऱ्यांची भिंत. त्यावर गोळे मारून भगदाड पडणं कठीण. किल्ला बांधणाऱ्यांचा हिशोब असाच दिसतो. मोठं जहाज येणार ते खोल पाण्यातून, म्हणजे पश्चिमेकडून. पूर्वेला किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी, तिथे किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांच्या तोफा. तिकडे कोण मरायला येणार?

रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने जेम्सला सांगितलं, की या बाजूने काही होणार नाही, बाजू बदला. दुसऱ्या दिवशी जेम्सने 'प्रोटेक्टर' किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये आणलं आणि ईशान्येच्या बाजूने अगदी जवळून मारा सुरू केला. ही बाजू चिऱ्यांनी बांधलेली होती, आणि पाणी त्या जहाजापुरतं पुरेसं होतं.

बघा, भिंतीची जाडी एका रात्रीत कमी झाली नव्हती. बदलली ती माहिती. टॉवर डिफेन्समध्ये शत्रू मूर्ख असतो. त्याला वाट ठरवून दिलेली असते. खऱ्या लढाईत तो तुमचा मॅप वाचतो, आणि वाचता आला नाही तर विकत घेतो. ज्यांचं करिअर सायबर सिक्युरिटीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

टिप ४: स्फोट होणारी वस्तू आणि जळणारी वस्तू शेजारी ठेवू नका

या टिपसाठी गेमची गरजही नाही, पण किती जण बॅरलशेजारी टॉवर लावतात ते बघा.

किल्ल्यात गवताने शाकारलेली घरं होती. दुपारच्या सुमारास उखळी तोफेचा एक गोळा अशा एका छपरावर पडला. उखळी तोफेचा गोळा तट फोडत नाही, तटावरून उंच जाऊन आत पडतो. आग लागली. ती विझवायला माणसं धावली असती, पण 'प्रोटेक्टर'च्या डोलकाठ्यांवरच्या मचाणांवर बंदूकवाले बसलेले होते आणि ते वरून तटावर, अंगणात गोळ्या घालत होते. कुणी पुढे होईना. आग पसरत गेली आणि दारूकोठार उडालं.

तिन्ही माऱ्यांची जोडी बघा. मोठ्या तोफा तटावर, उखळी तोफा छपरावर, बंदुका आग विझवणाऱ्यांवर. एकेक मारा वेगळा केला असता तर किल्ला कदाचित तगला असता. तिन्ही एकत्र आले. गेमर याला सिनर्जी म्हणतात.

कोठार उडाल्यावर किल्ल्यातली माणसं, त्यात बायका-मुलंही होती, होड्यांत बसून समोरच्या गोवा किल्ल्याकडे निघाली. इंग्रजांच्या छोट्या जहाजांनी त्यांना वाटेतच पकडलं. मग गोवा किल्ल्याने बोलणी सुरू केली. पण त्याचा किल्लेदार रातोरात निवडक माणसं घेऊन पाण्यातून सुवर्णदुर्गात शिरला, मदत येईपर्यंत किल्ला धरून ठेवू या आशेने. या माणसाबद्दल मला फार वाटतं. दारूकोठार उडालेलं, आपलं आरमार पळालेलं, आणि हा परत त्याच किल्ल्यात जातोय. शेवटी जेम्सने खलाशी उतरवले, त्यांनी कुऱ्हाडींनी छोटा दरवाजा फोडला, आणि एप्रिल १७५५ च्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावरचे तिन्ही किल्ले पडले.

या सगळ्यात रामाजी महादेवांची फौज कुठे होती? ऑर्म टोमणा मारतो, की ती गोवा किल्ल्यापासून दोन मैलांवर खंदक खणून बसली होती आणि एका छोट्या तोफेने मारा करत होती. टोमण्यातला टोमणा वगळला तरी एक गोष्ट उरते. किल्ला कसा पाडायचा हे त्या आठवड्यात इंग्रजांनी केलं आणि मराठ्यांनी बघितलं.

टिप ५: शापित कार्ड घेताना खालची बारीक अक्षरं वाचा

आता सगळ्यात महत्त्वाची टिप. रोगलाइटमध्ये वेव्ह संपली की तीन कार्डं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. त्यात एखादं शापित कार्ड असतं. आत्ता प्रचंड ताकद देतं आणि त्याची किंमत नंतर कापून घेतं. 'या वेव्हला दुप्पट मारा, पण तुमचं एक कायमचं अपग्रेड जाईल.' अडचणीत असलेला खेळाडू ते घेतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर फक्त चालू वेव्ह असते.

१७५५ चा करार हे असं कार्ड होतं. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी जिंकून पेशव्यांच्या ताब्यात दिला. बदल्यात बाणकोटचा किल्ला इंग्रजांना मिळाला, आंजर्ल्यापासून उत्तरेला, सावित्रीच्या मुखावर. पण खरी किंमत पुढच्या फेब्रुवारीत वसूल झाली. १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. तुळाजीचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून उभं होतं. एक गोळा एका जहाजावर पडला, त्याने पेट घेतला, आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला.

तुळाजीला हरवणं हा चालू डाव होता. जळालं ते डावाबाहेर साठलेलं भांडवल. कान्होजींच्या काळापासून जमवलेली जहाजं, ती बांधणारे सुतार, त्यांवर वाढलेले तांडेल आणि गोलंदाज. अशी गोष्ट नाण्यांनी एका वेव्हमध्ये विकत मिळत नाही.

'मग नानासाहेबांनी करायचं काय होतं?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच घरात होतं. १७१३ मध्ये कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. त्यांच्यावर गेलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यांनाच त्यांनी कैद केलं होतं. म्हणजे आंग्रे तेव्हाही न जुमानणारेच, उलट जास्त. त्या वेळी शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पाठवलं. ते श्रीवर्धनचे, किनाऱ्यावर वाढलेले. त्यांनी बोलणी केली, कान्होजींकडे किल्ले आणि सरखेल ही पदवी राहू दिली, आणि कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. म्हणून १७२१ मध्ये घाटावरची फौज आणि समुद्रावरचं आरमार एका बाजूला लढलं. नानासाहेब या बाळाजींचे सख्खे नातू. अडचण तशीच होती, पण आजोबांनी निवडलेलं कार्ड नातवाने बाजूला ठेवलं.

तुळाजी म्हणजे कान्होजी नव्हे, तो बोलण्यांनी वळला नसता, असं कुणी म्हणेल. असेलही. पण त्याला वळवणं किंवा एकट्याने दमवणं आणि परक्याच्या हातून त्याचं आरमार जाळून घेणं यांत खूप अंतर आहे.

पुढचे डाव

मराठी आरमार १७५६ नंतर संपलं, असं म्हणणं चूक आहे. विजयदुर्गाला पेशव्यांचं आरमार उभं राहिलं, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी 'रेंजर' हे इंग्रजी जहाज लढून पकडलं. पण कान्होजींच्या काळी आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी जहाजाला या किनाऱ्यावरून जाणं जड होतं, तो दिवस पुन्हा आला नाही. मधल्या काळात मुंबईचं आरमार वाढत राहिलं.

सुवर्णदुर्गाच्या मॅपवर आणखी एक डाव झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतलं, आणि नानासाहेबांचा पुतण्या, दुसरा बाजीराव, पळत कोकणात उतरला. आसरा घेतला सुवर्णदुर्गाचा. तिथून समुद्रमार्गे वसईला, इंग्रजांच्या छायेत. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि पेशवा स्वतःच्या रक्षणासाठी इंग्रजी पलटणी घेऊन बसला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी याच किल्ल्यासमोर पेशव्यांनी इंग्रजांकडून आरमार भाड्याने घेतलं होतं. आता पळून जायलाही त्यांचाच आधार लागला. १८१८ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

आणि एक खराखुरा टॉवरही या गोष्टीत आहे. विल्यम जेम्स सुवर्णदुर्गानंतर श्रीमंत झाला, सर झाला, आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने १७८४ मध्ये शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक तीन बाजूंचा मनोरा बांधला. नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग. तिथे आज तिकीट काढून वर जाता येतं.

आपल्या सुवर्णदुर्गाला जायचं असेल तर हर्णै बंदरातून होडी ठरवा. पावसाळ्यात जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो, आणि भरती-ओहोटीची वेळ होडीवाल्या मामांना विचारून घ्या. दरवाजाशी पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघा. मग किल्ल्याच्या ईशान्येला जाऊन किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. समोरचं पाणी किती जवळ आहे ते बघा. त्या पट्टीतून चव्वेचाळीस तोफांचं जहाज आत आलं होतं.

बाकी गेममध्ये पुढच्या वेळी तीन कार्डं समोर आली आणि त्यातलं एक फारच चकचकीत दिसलं, तर घाई करू नका. ते या वेव्हला काय देतंय ते बघाच, पण पुढच्या डावातून काय नेतंय तेही वाचा. तुमच्या गावाजवळचा कुठला किल्ला अशा नजरेने बघायला आवडेल ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.